कडू मुळी आणि पाठीची गोळी

मंगळवार, ४ जून

फादरनी सांगितलं आहे, पेंटेकॉस्टचा सण येईपर्यंत रोज संध्याकाळी आपली चूक आपणच लिहून काढायची, कोणाला दाखवायची नाही. आमच्या संत ॲन मंडळातल्या बायकांनी त्यासाठी फुलाफुलांच्या नव्या वह्या आणल्या. मी हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली. पुढून तेल-मासळी, मागून पाप. देवाला कागदाचं काय.

आजची चूक: सेवरेंला म्हणाले, तू मेलास तरी मी रडणार नाही. पोटचा मुलगा, बावीस वर्षांचा. पण त्यानं इस्त्री विकली. त्याआधी गॅसची शेगडी, त्याआधी त्याच्या बापाचे बूट. बाप जाऊन चार वर्षं झाली, तरी ते बूट मी दर शनिवारी पुसून ठेवत होते. सगळं त्या कोबोलोपायी. आमच्या लांबारेने शहरात हल्ली ती लाल कॅप्सूल शाळेच्या फाटकाबाहेर शेंगदाण्यासारखी मिळते. पोरं मूठभर गिळतात आणि भिंतीला टेकून बसतात, डोळे उघडे आणि आत कोणी नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हे अफूच्याच गोतावळ्यातलं औषध, निघालं दुखण्यासाठी, पण एकदा अंगाला लागलं की सुटत नाही. तीन दिवस सलाइन लावून त्यांनी त्याला घरी पाठवलं. चौथ्या दिवशी इस्त्री गेली.

पाठ फार धरली आहे. बाजारात पॅस्कलीनकडून पाठीच्या गोळ्या आणल्या, त्या हिरव्या-पिवळ्या. छत्रीखाली साबण, ब्लेड आणि औषधं घेऊन बसते ती. आमच्याच मंडळातली, प्रार्थनेला माझ्या शेजारीच असते. सकाळी दोन घेतल्याशिवाय मला भिजवलेल्या कसाव्याच्या कंदांचा टोप जागचा हलवता येत नाही. हल्ली दुपारीही एक लागते. वय झालं.

गुरुवार, ६ जून

प्रोस्पेर आला, माझा धाकटा भाऊ. आमच्या पुनू लोकांत मूल आईच्या कुळाचं, तेव्हा शेवटचा शब्द मामाचा. त्यानं येतानाच ठरवलं होतं. सेवरेंला डोंगराकडच्या त्सोगो लोकांच्या गावात तात मोतेंदींकडे न्यायचं. तात म्हणजे बाबा. ते बुइटीचे, म्हणजे रानातल्या जुन्या पंथाचे, वैद्य. इबोगा देतात, त्या झुडपाच्या मुळीची साल. आमच्याकडे तिला कोणी नावानं बोलवत नाही, नुसतं ‘लाकूड’ म्हणतात. कडूजहर. माणूस एक-दोन दिवस पडून राहतो आणि म्हणे आपलं सगळं आयुष्य समोरून जाताना बघतो. उठतो तेव्हा व्यसन धुतलेलं असतं.

मी म्हटलं, अरे मी संत ॲन मंडळाची खजिनदार, आणि तू मला रानातल्या देवाकडे चल म्हणतोस?

“ताई, सलाइन कॅथलिकच होतं ना? काय झालं त्याचं?”

मी मासळी साफ करत राहिले. मग तो हळू आवाजात म्हणाला की लाकूड एकदम देत नाहीत. आधी आठवडाभर पाल्याचे काढे, उलट्या, वाफारे, नदीची आंघोळ. अंगात कोबोलोचा कण असताना लाकूड खाल्लं तर काळीज थांबतं. मागच्या वर्षी कुठल्याशा गावात एक मुलगा असाच गेला.

म्हणजे हे औषध मारतंही. सलाइन निदान मारत तरी नव्हतं. काय करावं कळत नाही. सेवरेंला विचारलं, तर म्हणाला, “घेऊन चल, आई. कुठेही घेऊन चल.” तो असं कधी बोलत नाही.

रविवार, ९ जून. पेंटेकॉस्ट.

फादरना सांगितलं की मयतीला गावी जाते आहे. मयत म्हटलं की आमच्याकडे पुढे कोणी विचारत नाही. फादरनी विचारलं. म्हणाले, नाव सांगा, प्रार्थनेत घेतो. मी आजीच्या बहिणीचं नाव सांगितलं. ती मेलेली आहेच, चौदा वर्षांपूर्वी, त्यामुळे अर्धंच खोटं झालं. पण सणाच्या दिवशी अर्धं म्हणजे किती, ते फादरनाच विचारायला हवं होतं, आणि विचारता येत नव्हतं.

बुधवार, १२ जून

काल पोचलो. पिकअपच्या मागच्या फळीवर सात तास, वर लाल धूळ. तिघांचे चेहरे रंगवल्यासारखे झाले होते. तात मोतेंदी म्हणजे कोणी पिसं लावलेला म्हातारा असेल असं मला वाटलं होतं. बारीक चणीचे, फुटबॉलचा जुना सदरा घातलेले, शेळीचा खूर तासत बसले होते. बायको याया मुकेतो. याया म्हणजे आपली थोरली बहीण, तिला सगळे तसंच म्हणतात. अंगानं भरलेली आणि बोलायला फटकळ.

सेवरेंला निजायला आणलेली चटई तिनं उलगडून पाहिली आणि म्हणाली, ही वापरलेली आहे. मी म्हटलं, दोनदाच, आणि उन्हात घातली आहे. तिनं प्रोस्पेरला नवी आणायला परत तालुक्याला पिटाळलं.

मग सेवरेंची झडती घेतली. खिसे, सदऱ्याची कॉलर, बुटांचे तळवे. डोकेदुखीचं मलमसुद्धा काढून टोपलीत टाकलं. म्हणाली, बाजारातलं काहीही याच्या अंगात जाता कामा नये, एक कणही नाही. मी खात्रीनं सांगितलं, मुलाकडे काही नाही, मी स्वतः पाहिलं आहे. माझी पिशवी तिनं मागितली नाही. मी थोडीच आजारी आहे.

काढ्यात सात प्रकारचा पाला आणि साली. नावं लिहून घ्यावी म्हणून विचारलं, तर तात म्हणाले, “ ‘पाला’ लिही.”

शनिवार, १५ जून

चौथा दिवस. बघवत नाही. बादलीभर काढा पितो आणि बादलीभर ओकतो, शेवटी नुसतं पिवळं पाणी येतं. मग घोंगडीखाली वाफारा, मग नदीत बुडवून पाठीवर पाला घासतात. जांभया येतात त्या जबडा निखळेलशा, नाक वाहतं, अंगावर काटा, आणि पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत. “आई, पाय तोडून टाक,” म्हणाला. उकडलेल्या केळ्याशिवाय काही द्यायचं नाही. याया मुकेतो त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते आणि त्याला शिव्या देते. त्या शिव्यांनी त्याला बरं वाटतं असं दिसतं. माझ्या जपमाळेनं वाटत नाही. हे लिहिताना वाईट वाटलं.

मी इथे ठीक आहे. गोळ्या चुलीच्या खोपटामागे जाऊन घेते. इतकं ओकणं चाललेलं असताना सगळ्यांदेखत औषध गिळणं बरं दिसत नाही, म्हणून.

सोमवार, १७ जून

उद्या रात्री लाकूड. सेवरें पाच रात्री झोपलेला नाही. आज दुपारी याया मुकेतो पाला तोडायला गेली होती, प्रोस्पेर घोरत होता. सेवरें चटईवर गुडघे छातीशी घेऊन डुलत होता आणि तोंडानं एकच आवाज काढत होता, कुत्र्याच्या पिलासारखा. कुठल्या आईला बघवेल? मी माझी एक पाठीची गोळी त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं गोळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. 

“आई, ही कुठून आणलीस?”

“पॅस्कलीनकडून. पाठीची आहे. खा, अंग मोकळं होईल.”

त्यानं गिळली आणि रडायला लागला. का ते मला कळलं नाही. मग थोड्या वेळानं झोपला, लहानपणी झोपायचा तसा, तोंड उघडं टाकून. मी पवित्र मातेचे आभार मानले.

आजची चूक: काही आठवत नाही.

मंगळवार, १८ जून. संध्याकाळ.

क्रमानं लिहिते.

लाकूड खाण्याआधी नदीवर बोलावं लागतं. रोग्यानंही आणि त्याच्याबरोबर आलेल्या प्रत्येकानंही. जे झाकून ठेवलं असेल ते कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मोठ्यानं सांगायचं, काठावर सगळे ऐकतात. कोणी काही राखलं तर लाकूड दार उघडत नाही असं म्हणतात. फादरच्या जाळीआड हळूच पाप कबूल करायची सवय असलेल्या बाईला हे फार जड.

प्रोस्पेर आधी उतरला. त्यानं दुसऱ्या गावात ठेवलेल्या एका बाईविषयी सांगितलं, जी आम्हाला सगळ्यांना ठाऊकच होती. मग मी. फादरशी खोटं बोलले ते सांगितलं. चटई जुनी आणली ते सांगितलं. मुलाला शाप दिला ते. आणि माझ्या वन्सं लेओकादी यांनीच काही करणी करून सेवरेंला खाल्लं असं मी मनात धरलं होतं, तेही सांगितलं. काठावरून हुंकार आला. मला हलकं वाटलं.

मग सेवरें उतरला. चोऱ्या सांगितल्या, एकेक वस्तू, मला माहीत नसलेल्याही. शेवटी थांबला. तात वाट बघत राहिले.

“काल दुपारी मी एक गिळली,” तो म्हणाला. “आईच्या पिशवीतून चोरली.”

मला इतका राग आला. पाण्यात उभं राहून, सगळं धुवायला आलेला मुलगा खोटं बोलतो? मी काठावरूनच ओरडले, “चोरली नाही त्यानं. मी दिली. माझ्या पाठीची होती.”

 सेवरेंनं डोळे मिटले. मग याया मुकेतो उठली, माझी पिशवी आणली, डबी काढली. एक हिरवी-पिवळी गोळी फोडून तिनं पूड जिभेवर लावली आणि थुंकली.

“तीच आहे. फक्त झगा वेगळा.”

मी म्हटलं, अशी कशी असेल, पॅस्कलीन प्रार्थनेला माझ्या शेजारी बसते. याया म्हणाली, “मग तिच्यासाठीही प्रार्थना कर.” तात खाली वाळूत बसले. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, आज लाकूड नाही. सगळं पहिल्यापासून. पुन्हा पाला, पुन्हा दिवस मोजायचे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो बोलला नसता तर उद्या आपण त्याला त्याच नव्या चटईत गुंडाळला असता.”

डबी त्यांनी नदीत सोडली.  पण माझ्या पाठीचं काय? ते औषधच आहे. माझ्या बाबतीत औषधच आहे. डॉक्टरही म्हणालेच की दुखण्यासाठी निघालं. मग एकाच पुडीतलं एकाला औषध आणि एकाला विष असं होईल का? मी चोरी केलेली नाही, भिंतीला टेकून बसलेली नाही. मला नीट विचार करता येत नाही.

शुक्रवार, २१ जून

हिवताप आला आहे. नदीच्या हवेचा असणार. परवापासून जांभया येतात, नाक वाहतं, अंगावर काटा. पाय दुखतात, म्हणजे दुखत नाहीत, त्यांना कुठेतरी जायचं असतं. याया मुकेतोनं कपाळाला हात लावला आणि हसली. ताप नाही म्हणाली. ताप नाही तर मग काय? बुइटीच्या दारात आले म्हणून देवानं शिक्षा दिली असेल. तसं असेल तर ती मला द्यावी, मुलाला देऊ नये.

सोमवार, २४ जून

आता जरा लिहिता येतं. हे तीन दिवस कसे गेले ते मी लिहिणार नाही. फक्त एवढं लिहिते.

सेवरें माझ्याजवळ बसून होता. त्याचा स्वतःचा काढा पिऊन, ओकून, तोंड धुऊन यायचा आणि बसायचा. मला म्हणायचा, “आता पोट ढवळेल, घाबरू नकोस.” आणि ढवळायचं. म्हणायचा, “आता तुला कोणाचा तरी फार राग येईल,” आणि मला त्याचाच यायचा. मी त्याला नाही नाही ते बोलले. एका दुपारी मी त्याला पॅस्कलीनकडे जाऊन ये म्हणाले. सात तासांचा रस्ता, मला ठाऊक होतं. तरी म्हणाले. एकच आण, शपथ घेते, एकच.

तो म्हणाला, “मी पण शपथच घ्यायचो, आई.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला ओळखता आला असता.

मग तो बाहेर गेला, आणि तो रस्त्याला लागला की काय, माझ्यासाठी की स्वतःसाठी, अशी मला भीती वाटली. आणि खरं लिहायचं ठरलं आहे तर, थोडी आशाही वाटली. तो केळी उकडून घेऊन आला.

याया मुकेतोचा बाप्तिस्मा झालेला आहे हे आज कळलं. नाव मारी-तेरेज. मी विचारलं, मग हे कसं चालतं? तिला प्रश्नच कळला नाही.

शनिवार, २९ जून

आज पुन्हा नदी. प्रोस्पेर म्हणाला, “ताई, तू एकदा बोललीस, आता कशाला?” पण मी उतरले.

मधल्या रात्रींत मला एक आठवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, फुटबॉलमध्ये सेवरेंचा गुडघा गेला. तो बाकावर बसू शकत नव्हता. मी त्याला रोज माझ्यातल्या दोन गोळ्या देत होते, तीन आठवडे. परीक्षा झाल्यावरही तो मागत होता आणि मी देत होते. मग म्हटलं, आता पुरे, महाग पडतात. तेव्हा त्यानं मागणं सोडलं, आणि मला वाटलं, गुडघा बरा झाला.

हे मी पाण्यात उभी राहून सांगितलं. सोपं वाटलं नाही. पहिल्यांदा बोलले होते तेव्हा हलकं वाटलं होतं, आज तसं काहीच वाटलं नाही.

सेवरें काठावरून म्हणाला, “नाही, आई. त्याच्या आधीच मी घेत होतो. मित्रांबरोबर.”

खरं म्हणाला की मला वाचवायला म्हणाला, कळायला मार्ग नाही. मागच्या वेळीही ‘चोरली’ असं म्हणालाच होता. मी तातांकडे पाहिलं, ते तरी सांगतील म्हणून. ते म्हणाले, “ही कचेरी नाही. पहिलं कोण, ते नदी विचारत नाही.” आणि त्याला आपल्याजवळ बोलावलं. मुलगा अकरा दिवस स्वच्छ आहे, आज रात्री लाकूड.

सोमवार, १ जुलै

तो जिवंत आहे. हे आधी लिहिते.

शनिवारी सूर्य बुडल्यावर त्याच्या अंगाला पांढरी माती लावली आणि मुळीचा भुगा थोडा थोडा खायला दिला. मी उशाशी होते, रोग्याची आई तिथे लागते. आठ तारांचं वाद्य वाजत होतं, एकसारखं, पावसाळ्यात पन्हाळ वाजते तसं. आधी तो ओकला. मग ओकणं थांबलं आणि तो डोळे उघडे ठेवून निघून गेला. तेच डोळे, भिंतीला टेकलेल्या पोरांचे. मी दचकले. पण याया म्हणाली, नीट बघ, हे रिकामे नाहीत. मी बघत बसले. मला फरक कळला असं मी म्हणणार नाही.

तात दर थोड्या वेळानं त्याच्या तळव्याला सुई टोचायचे, गळ्याला बोटं लावायचे. एकदा बोटं तिथेच राहिली. वाद्य चालूच होतं. माझी जपमाळ किती झाली, कुठे होते, सगळं चुकलं. मी ‘हे मारिये’ म्हणत होते की मागच्या बायका गात होत्या तेच म्हणत होते, ते मला सांगता येणार नाही. मग तातांनी बोटं उचलली आणि शिंकले. कोणी शिंकल्याचं मला इतकं बरं आयुष्यात वाटलं नव्हतं.

काल दिवसभर तसाच. आज पहाटे उठून बसला आणि मीठ मागितलं.

जे दिसलं ते मोठ्या माणसांसमोर सांगावं लागतं. त्यानं तासभर सांगितलं. एक मोठी होडी होती म्हणाला, सगळे मागे तोंड करून बसलेले, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि मी टोकाला बसून मासे तळत होते. होडीत विस्तव कसा, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. प्रोस्पेरला राहवेना. “पण करणी करून तुला खाल्लं कोणी? कोण दिसलं?”

“कोणी नाही, मामा.”

प्रोस्पेर खट्टू झाला. एवढा लांबचा प्रवास करून नाव नाही म्हणजे काय. मला वन्संची मनातून माफी मागावी लागेल, आणि चेहऱ्यावर येणार नाही अशा बेतानं.

तो बरा झाला का, मी तातांना विचारलं. म्हणाले, दार उघडलं आहे, चालायचं त्याला आहे. दोन-तीन महिन्यांनी पाऊस सुरू झाला की सांगता येईल. दवाखान्यातले डॉक्टरही असंच अर्धवट बोलायचे.

गुरुवार, ४ जुलै

उद्या पिकअप जाणार. मी जाणार नाही.

मला लाकूड द्यायचं नाही असं तातांनी ठरवलं. माझे ठोके त्यांना आवडले नाहीत. महिनाभर याया मुकेतोचा पाला, वाफारे आणि तिच्या शिव्या. पाठ रोज दुखते, खरी दुखते. आता मला कळलं आहे की किती दुखणं पाठीचं आणि किती त्या गोळीचं, हे इथून कोणी ओळखू शकत नाही, मी तर नाहीच. घरी गेले तर रविवारी पॅस्कलीन माझ्या शेजारी बसेल, आणि मी तिच्याशी काय बोलेन याची मला खात्री नाही. मी ज्याला घेऊन आले तो परत चालला आहे आणि मी राहते आहे. फादरना काय सांगायचं ते सेवरेंनं विचारलं. मी म्हटलं, मयतीचे दिवस लांबले म्हणून सांग. मग म्हटलं, नको, काही सांगू नकोस. मग म्हटलं, खरं सांग. तो म्हणाला, “एक काहीतरी ठरव, आई.” अजून ठरलेलं नाही.

प्रोस्पेरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोराला एकट्याला घरात ठेवू नकोस, मी त्याला माझ्याकडे नेतो, घराला कुलूप राहू दे. शहाणपणाचंच बोलला. मामा आहे, शब्द त्याचा. मी हो म्हटलं.

नंतर सेवरें पाण्याच्या बादल्या भरून आला आणि ओल्या हातांनी उभा राहिला, काही न मागता. मी कमरेची गाठ सोडून घराची चावी त्याला दिली. कसावा भिजत टाक म्हटलं, रांजणावर झाकण ठेव, मागच्या दाराची कडी सैल आहे. तो हो हो म्हणत होता. पैसे कुठे ठेवले आहेत ते त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्याला ठाऊक आहे.